एकदाच ठरलं होतं

धरमकोट (हिमाचल), १६ जून २००६

दादा,

आणि वर तूच सांगत फिरतोस की लवू फोनवर ओरडला. ओरडलो तर ओरडलो. शिवाच्या बूथवर चार माणसं ऐकत होती म्हणून तू फोन ठेवलास, असं संचिता म्हणाली. चार माणसांची तुला लाज वाटते. देवळात अख्ख्या वाडीसमोर सख्ख्या बहिणीच्या, संचिताच्या, पायात दावं बांधलंस, तेव्हा नाही वाटली. म्हणून आता लिहितो. पत्र फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तू आपल्या तोंडाने म्हणाला असतास की तिला कोल्हापूरला पाठवत नाही, तर मी भांडलो असतो. तू भांडला असतास, आई मध्ये पडली असती, जानकी वहिनीने चुलीपुढे बसून दोघांना नावं ठेवली असती. दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नसतं आणि मग काहीतरी ठरलं असतं. घरात असंच ठरतं. पण तू अंगात आणून ते देवीच्या तोंडी घातलंस. देवीशी कोण भांडणार?

"ह्यां चेडू घाट चढाचां नाय. गावकाराच्या उंबऱ्यात द्या." संचिताने मला हे फोनवर तुझा आवाज काढून सांगितलं. रडता रडता सुद्धा तुझी नक्कल तिने बरोबर केली. रविकांत गावकर, ज्यांच्या शब्दावाचून देवळात नारळ फुटत नाही, त्यांचा प्रितम दोन वर्षं तिच्या मागे आहे हे वाडीतल्या कोंबड्यांना सुद्धा ठाऊक आहे. देवीला नेमकं आता कळलं? देवी गावकरांच्या घरी जेवून आल्यासारखी बोलते, दादा.

सदुसष्ट टक्के पडले पोरीला. आपल्या घरात सात आणि सदुसष्ट यांतला फरक कळणारं ती पहिलंच माणूस. नर्सिंगला नंबर लागला. वीस जुलैच्या आत हजर झाली नाही तर जागा दुसरीला देणार. आणि तिचा शाळेचा दाखला तुझ्या ट्रंकेत, कुलपात.

हे माझ्यामुळे सुरू झालं, म्हणून मला जास्त जळतं. गोव्यात हरमलला किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मी भांडी घासायचो, तेव्हा मागच्या माडाच्या झापांच्या मांडवात ती पांढऱ्या फेट्याची डच बाई कुंडलिनी योगाचा वर्ग घ्यायची. मी चटया झाडायचो, पाणी भरायचो, आणि हळूहळू शेवटच्या ओळीत बसायला लागलो. तिने हाकललं नाही. सातवी नापास पोराला तिने श्वास घ्यायला शिकवलं. तू हसला होतास. श्वास काय शिकाचो, म्हणालास, आवशीच्या पोटातसून भायर पडलंव तेव्हाच शिकलंव. आणि तुला दमा. बाबा बुडाले त्यानंतर मी घरी आलो, तर तू भिंतीला उशा रचून बसलेला, छातीत शिट्टी वाजतेय, आणि होडी वर ओढून ठेवलेली. म्हणून शिकवलं. दुसऱ्या कशासाठी नाही.

सकाळी उपाशी पोटी, घरापुढच्या खळ्यात, जुन्या जाळ्याची घडी करून तिच्यावर. आधी नुसता लांब श्वास. पोट भरायचं, मग बरगड्या, मग गळ्याखालचं हाड उचलायचं. मग तो भराभर श्वास, नाकाने, बेंबी आत मारत, लोहाराच्या भात्यासारखा. पहिल्या दिवशी वीस मोजायच्या आत तू खोकलास आणि मला शिवी दिलीस. आठ दिवसांत एक मिनिट झालं, महिन्याने तीन. मग श्वास भरून धरायचा, हनुवटी छातीकडे, खालून आवळून घ्यायचं, आणि हळू सोडायचा. शेवटी डोळे मिटून एकेक बोट अंगठ्याला लावत मनात म्हणायचं, सा, ता, ना, मा. तू म्हणालास, जाळां विणताना बोटां अशीच चलतत. तुझी छातीतली शिट्टी थांबली. ते खरंच झालं, ते मी नाकारत नाही.

आणि एका सकाळी तुझं अंग हललं. आधी मांड्या, मग पाठ, मग मान. मी घाबरलो नाही, मलाही झालं होतं. बाईने सांगितलं होतं, नवख्याचं होतं असं, हललं तर हलू द्यायचं. आणि आणखी एक सांगितलं होतं, ते मी तुला शब्दाला शब्द सांगितलं. त्या वेळी बोलायचं नाही. जिभेवर काही आलं तर गिळायचं.

आई विहिरीवरून येत होती. तिने कळशी खाली ठेवली. आजो गेल्यापासून देवीचा अवसार कोणाच्याच अंगात आला नव्हता, नऊ वर्षं आपल्या देवळात देवी मुकी होती, आणि इथे आज्याचा नातू खळ्यात घुमत होता. ती आत गेली, अंगारा आणला, तुझ्या कपाळाला लावला आणि तुझ्यापुढे हात जोडून बसली. बाबा गेल्यावर तीन महिने ती कोणाशी धड बोलली नव्हती.

दाखला काढून दे. बाकी आपण नंतर भांडू.

लवू


धरमकोट, २ जुलै २००६

दादा,

पोस्टकार्ड मिळालं. दोन ओळी. "देवीच्या कामात धाकट्याने बोलू नये. मी तेव्हा शुद्धीत नव्हतो." तुझं अक्षर अजून चौथीतलंच आहे, ओळ वर चढत जाते.

शुद्धीत नव्हतो हे तू गुरवाला सांग, गावकरांना सांग. मला सांगू नकोस. मी तुझ्यासमोर बसून तुझे श्वास मोजलेत. त्या श्वासात माणूस झोपत नाही, जास्तच जागा होतो. मला तर तेव्हा चुलीवरच्या पेजेचा आवाज सुद्धा वेगळा ऐकू यायचा. देवळात पहिल्यांदा घुमलास त्या दिवशी तुझा पाय समईला लागणार होता. तू घुमता घुमता थांबलास, पाय बाजूला घेतलास, आणि परत घुमायला लागलास. मी खांबामागे होतो. मला हसू आवरेना म्हणून मी धोतराचा सोगा तोंडात धरला, आणि पुढे बायका "आये, आये" करून रडत होत्या. तेल सांडू नये एवढी शुद्ध तुला होती. मग बहिणीचं आयुष्य सांडताना कुठे गेली?

आता ते लिहितो जे मी लिहिणार नव्हतो.

मागच्या पत्रात मी मोठ्या तोंडाने लिहिलं की बोलायचं नाही हे मी तुला शिकवलं. शिकवलं होतंच. पण बोल असंही मीच म्हणालो. तू हे अजून एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. असलं उपकाराचं मौन कोणाला पाहिजे?

आई मला सोडत नव्हती. समुद्राने एक नेला, आता उरलेले डोळ्यांसमोर ठेवायचे, असं तिचं. मी परत हरमलला जातो म्हटलं तर जेवण टाकायची. तुला दमा होता दादा, पण त्या घरात गुदमरत मी होतो. उपड्या घातलेल्या होडीखाली आपण बसलो होतो, वर झापांवर पाऊस. मी म्हणालो, ती तुला हात जोडते. मी सांगून ऐकत नाही, तू सांगून ऐकत नाही, पण तू घुमताना सांगितलंस तर ऐकेल. तू नको म्हणालास. तीन दिवस नको म्हणालास. चौथ्या दिवशी म्हणालास, "एकदाच हां लवू. मगे मी तोंड उघडूचंय नाय."

एकदाच ठरलं होतं.

आणि तू देवळात बोललास. "धाकट्याक सोड. तेका भायर जावंदे. मी आसंय तेच्या पाठीक." आई तिथेच खाली बसली आणि तिने हातानेच मला खुणेने सांगितलं, जा. घरी येऊन तिने मला चपात्या बांधून दिल्या. मी तळेऱ्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत त्या गरम होत्या, आणि मी खुश होतो. हेही लिहून टाकतो.

मी एक खोटं बोललो आणि निघून आलो. ते खोटं तू मागे ठेवलंस, त्याला मोठं केलंस, त्याच्यासाठी देवळात पाट मांडलास, आणि आता त्याच्या तोंडून आपल्याच पोरीला विकतोस. आपण दोघांनी मिळून केलं होतं ते. त्यातला अर्धा भाग माझा होता. तो तू मला न विचारता वापरलास.

अठरा दिवस राहिले.

लवू


धरमकोट, ११ जुलै २००६

दादा,

पोस्टकार्डामागून तुझं बंद पाकीट आलं. पोस्टमन वाचतो म्हणून पाकीट, हे मला कळलं. दोन पानं. तू एवढं लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तू लिहितोस, "तू गेल्यावर दुसऱ्याच सोमवारी गुरव दारात आला, म्हणाला गाऱ्हाणं आहे, चला. मी नको म्हटलं तर आई म्हणाली, देवीला नको म्हणू नये. तू असतास तर तू तरी नको म्हणाला असतास. मग दर सोमवारी लोक. बाबूची म्हैस दूध देत नाही. कोणाची सून नांदत नाही. गप्प बसलो तर म्हणतात देवी रुसली, घरात काहीतरी झालंय. देवस्की करणारे घाडी म्हणाले, अवसाराचा मान आमचा, ह्याला काढा. तेव्हा गावकर माझ्या बाजूने उभे राहिले. आता ते एक गोष्ट मागतात. तुला पळायला देवी मिळाली. मला कोण?"

मी हे कांदे कापायच्या फळीवर ठेवून वाचलं, तीनदा. मी घरी सांगितलं होतं की योगाच्या वर्गाचं काम बघतो. तसं काही नाही. मी स्वयंपाकघरात आहे, आणि वर्ग सुटला की फरशी पुसतो. जिच्या मागून मी हरमलहून इथे डोंगरात आलो, ती फेटेवाली बाई मागच्याच वर्षी आपल्या देशाला गेली. आणि मी आता श्वासाला बसत पण नाही. बसलो, अंग हलायला लागलं, की मला आई दिसते, हात जोडलेली. मग मी उठतो आणि भांडी घासतो.

तू अडकलास हे मला कळलं. मी तुला अडकवून गेलो हेही कळलं. पण म्हणून तुझ्या जागी संचिताला बांधायचं? गावकरांचं देणं तू केलंस, तू फेड. प्रितमच्या होडीवर चढ, त्यांच्या दारात पाणी भर. तिला कशाला मोजून देतोस?

संचिताशी बोललो तेव्हा ती म्हणाली, "लवूदादा, तूच ये आणि घूम. तुका हेच्यापेक्षा बरां जमता." थट्टा केली तिने, पण थट्टेत अर्धा अर्ज होता. मी खरंच विचार केला. मी आलो असतो, तुझ्यासमोर बसलो असतो, तीन मिनिटांत अंग हललं असतं. मी म्हणालो असतो, चेडू जायत. घराणं तेच, आजो तोच. लोकांनी मानलंही असतं. मी मॅनेजरकडे पैसे सुद्धा मागितले तिकिटाचे. त्याने दिले, आणि मी ते हातात घेऊन उभा राहिलो, आणि मला वाटलं की आता दुसऱ्यांदा केलं तर मी आणि तू एकच. पैसे परत दिले.

म्हणून काल मी आईला सांगितलं.

तू आता घरात काय चाललंय ते बघत असशील आणि तुला कळत नसेल. कळावं म्हणून लिहितो. शिवाला निरोप दिला होता, आई सुक्या म्हावऱ्याची टोपली घेऊन जामसंड्याच्या बाजारात निघाली होती, तशीच बूथवर आली. मी सगळं सांगितलं. श्वास, होडीखालचं बोलणं, तू तीन दिवस नको म्हणालास ते, समई. मी तुला वाचवलं नाही आणि मलाही नाही. मग तिने विचारलं,

"तेव्हा माका सरळ सांगूक काय झाला होता?"

मी म्हणालो, तू सोडलं नसतंस.

"खरां," म्हणाली. "नाय सोडलां असतां."

मागे शिवा कोणाला तरी सुटे पैसे देत होता ते ऐकू येत होतं. मग म्हणाली, "तीन वर्सां मी पोटच्या झिलाच्या पायार पाणी घातलां, लवू. तुमी दोघांनी माका हात जोडूक लावलात."

मी आई आई करत राहिलो. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तुका जावचा होता तर देवी लागली. तिका जावचा आसा तर देवी आडवी." आणि फोन ठेवला. पैसे तिनेच दिले असणार, माझा फोन होता तरी. शिवा तिच्याकडून घेतो, मला माहीत आहे.

आता ती काय करणार मला ठाऊक नाही. तिने तुला काही विचारलं तर खरं सांग. तेवढंच मागतो.

लवू


धरमकोट, २३ जुलै २००६

दादा,

संचिताचा फोन आला, कोल्हापूरहून. हॉस्टेलवर बारा मुलींत एक आरसा आहे, जेवणात मासे नाहीत, आणि ती रडत नाही. मग तिने सोमवारचं सांगितलं. मी तिला दोनदा सांगायला लावलं.

देऊळ भरलं होतं म्हणे, बाहेर पाऊस आणि आत ओल्या छत्र्या. तू पाटावर घुमत होतास. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लोकांनी होय महाराजा म्हटलं, आणि रविकांत गावकरांनी पुढे होऊन विचारलं, आये, लग्नाचा महिना सांग. तू श्वास भरून घेतलास, संचिताने मला ते सुद्धा सांगितलं, आता तिला कळतं कुठे भरतोस आणि कुठे धरतोस.

तेव्हा आई बायकांतून उठली. टोपली बाहेर ठेवून आली होती, हाताला म्हावऱ्याचा वास. गावकरांच्या पुढे जाऊन उभी राहिली. कोणी तिला अडवलं नाही, अवसाराची आई. सगळ्यांना वाटलं पाया पडणार. ती पाया पडली नाही. बाजारातून येताना खळ्यातून हाक मारते, त्याच आवाजात म्हणाली,

"हरी."

अवसारावर असलेल्या माणसाला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही. आजो घुमायचा तेव्हा आजीने सुद्धा मारली नव्हती. त्या वेळी तो माणूस नसतोच तिथे, मग हाक कोणाला?

आणि तू म्हणालास, "ओ. काय गो आये?"

संचिता म्हणते, तुझं अंग अजून हलत होतं आणि तुझा आवाज घरचा होता. मग हलणं पण थांबलं. गावकरांनी खाली बघितलं. बाबू मात्र फस्सकन हसला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला.

आई म्हणाली, "घराक चल. पावसात दम लागता तुका."

आणि ती गेली. तू तिच्यामागून गेलास, तशाच उघड्या अंगाने, असं संचिता म्हणाली. घरी येऊन ट्रंकेची किल्ली तू आपणहून दिलीस. हे तिने मला शेवटी सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज बदलला. मंगळवारच्या पहिल्या एस. टी. ने आई तिला घेऊन तळेऱ्याला गेली, तिथून कोल्हापूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, घाटात उलटी होईल, लिंबू हुंगत रहा. घाट चढताना संचिताला खरंच दोनदा उलटी झाली, म्हणजे देवीचं अगदीच खोटं नव्हतं, असं ती म्हणते. बघ, हसते सुद्धा.

मला वाटलं होतं की असं झालं तर मी नाचेन. मी फरशी पुसत राहिलो. सारखं तुझं "ओ" कानात येतं. तू किती वर्षं असाच ओ देत आलास, लहानपणी आंब्यावर असलास तरी. तिथे खोटं बोलायचं तुला सुचलंच नाही. माझ्या तोंडून ओ गेलं नसतं, दादा. मी हाक ऐकून न ऐकल्यासारखं करून घुमलो असतो.

लोक काय म्हणतात ते मला शिवाने सांगितलं. अवसाराचा पाट घाड्यांच्या घरी गेला, आणि प्रितम तुझ्याकडे बघून थुंकतो. मी इथून काय करणार. मी लिहू शकतो, तेवढंच. तुझ्यावरचा माझा राग गेला असं समजू नकोस. तू तिला विकत होतास हे मी मेलो तरी विसरणार नाही. पण वाडीने तुला एकट्याला धरलंय, आणि मी डोंगरात सुखरूप बसलोय, हे पण बरोबर नाही. कोणी विचारलं तर सांग की सुरुवात लवूने केली. गावकरांना सांग. त्यांना माझा पत्ता दे.

आई तुझ्याशी बोलते का?

लवू


धरमकोट, १९ ऑगस्ट २००६

दादा,

जानकी वहिनीने संचिताला कळवलं, ते मला कळलं. आई तुला जेवायला वाढते, औषध पुढे ठेवते, आणि बोलत नाही. तुझ्याशी नाही आणि माझ्याबद्दल पण नाही. तू होडी उतरवलीस, नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिल्यांदा गेलास, एकटा बाबूच तुझ्याबरोबर आला. संध्याकाळी छातीत शिट्टी वाजली म्हणे. श्वासाला बसत जा. खळ्यात नको वाटत असेल तर आत बस, दार लावून. तिने बघितलं तर बघू दे.

संचिताची फी मी इथून तिच्या कॉलेजला भरली आहे, त्याची काळजी नको.

आईच्या नावाने मनिऑर्डर केली होती, ती परत आली. फॉर्मवर पोस्टमनने लिहिलंय, घेण्यास नकार, आणि खाली तिचा अंगठा. तिला सही येते, दादा. संचिताने शिकवली होती, मनिऑर्डरीसाठीच शिकवली होती. माझ्या पैशाला तिने अंगठा लावला. मी तो कागद खिशात घेऊन फिरतो. पहिल्यांदा वाटलं तुझ्या नावाने पाठवावे आणि तुला सांगावं की तिला मीठ आणून दे, सुकवायला लागतंच. मग ते सोडून दिलं.

पुन्हा तिच्याच नावाने पाठवतोय. पोस्टमन आला की तू तिच्याजवळ उभा रहा, पण काही समजावू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. लवूचे आहेत, एवढंच सांग. परत आले तर पुढल्या महिन्यात परत पाठवीन. रुपये पाचशे फक्त.